सरकारमान्य मेतकूट

डाळ निवडताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. पाच बायका रोज दुपारी अशा बसल्या की किस्से साठणारच! आमच्याकडे तर मेतकुटाच्या आधी किस्स्यांनीच डबे भरायचे. त्यातले हे थोडे, आठवतील तसे.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. दिल्लीचं सरकार रेडिओवरून सारखं सांगायचं, लहान उद्योग काढा, बायकांनीही काढा, आम्ही पाठीशी आहोत. त्याच सुमारास वत्सलाच्या नवऱ्याची कापडगिरणी बंद पडली. वत्सला आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. एकादशीचं भजन आटोपल्यावर मला म्हणाली, "वैनी, तुमच्या मेतकुटाची सारेच तारीफ करते. सरकार मदत करून राहिलं, तं आपण काहून नाही करत वं?"

मी देवाकडे पाहिलं. देव नाही म्हणाला नाही! झालं, धंतोलीत आमच्या घराच्या मागच्या पडवीत पाच जणींचा उद्योग उभा राहिला.

* * *

उद्योग खात्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा सोबतीला आमचे हे होते. साहेबांनी आम्हा पाचही जणींवरून नजर फिरवली आणि यांनाच खुर्ची दिली. "हं, बोला. कोणता उद्योग काढताय?"

हे गडबडून उठले. "मी काही काढून नाही राहिलो साहेब. मी फक्त थैली पकडून राहिलो!"

* * *

मग साहेबांनी आम्हाला नीट समजावलं. काही वस्तू सरकारनं लहान उद्योगांसाठी राखून ठेवल्या आहेत, मोठ्या कारखान्यांनी त्यांना हात लावायचा नाही.

वत्सला माझ्या कानाशी लागली, "बाप्पा! म्हणजे सरकार बी सोवळं पाळते वं!"

* * *

नेमकं पितृपक्षात सरकारी प्रशिक्षण निघालं. मी साहेबांना हात जोडून सांगितलं, "या पंधरवड्यात आम्ही नवं काही सुरू करत नाही."

"मग मी वर काय कळवू? पितर आलेत म्हणून?"

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा घेऊन गेले. "शिकायला हरकत नाही साहेब. फक्त आम्हाला काही समजलं, तर ते घटस्थापनेनंतर समजलं असं धरा."

साहेब हसून म्हणाले, "बाई, बाकीच्यांचं तर तेवढंही होत नाही!"

* * *

प्रशिक्षणात एक तरुण सर मार्केटिंग शिकवायचे. भारी उत्साही. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'स्पर्धा' लिहिलं आणि वत्सलाला उभं केलं. "सांगा, बाजारात तुमचा सगळ्यात मोठा कॉम्पिटिटर कोण?"

वत्सला लगेच म्हणाली, "घरोघरची सासू!"

सरांनी आधी खडू खाली ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तो उचलून त्यांनी 'स्पर्धा'च्या खाली खरंच 'सासू' लिहिलं. त्यांचं नवीनच लग्न झालं होतं म्हणे.

* * *

कच्ची नोंदणी झाली आणि योजनेतून दळायची मशीन आली. आम्ही हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूच्या माळा घातल्या. मेकॅनिक आला तो माळा उचलून उचलून बटण शोधत बसला.

त्यात मशीनचं तोंड दक्षिणेला! मी म्हटलं, "भाऊ, फिरवून द्या."

"बाई, मशीनले दिशा नसते."

"मशीनले नसते गा," वत्सला म्हणाली, "पण चालवणारीले तं असते!"

त्यानं फिरवून दिली. बटण आता भिंतीकडे गेलं. ते दाबायला वत्सलाला रोज कोपऱ्यात शिरावं लागायचं. पण ती म्हणायची, "दिशा चांगली आहे वैनी. अंग चोरलं तं काय झालं!"

आणि खरंच, त्या मशीनवर तिचं घर चालायला लागलं. नवरा डबे पोचवायला निघाला. लेकरांची शाळा सुटली नाही.

* * *

आता शेवटचा. नोंदणी पक्की व्हायची तर वरच्या ऑफिसातले साहेब येऊन माल तपासणार होते. माल पसंत पडला नाही तर मशीन परत जाणार. वत्सला तीन दिवस नीट जेवली नाही. चौथ्या दिवशी साहेब आले, तो नेमका श्रावणी सोमवार!

साहेब करड्या शिस्तीचे. पडवी पाहिली, मशीन पाहिली. ताजं मेतकूट हुंगून म्हणाले, "हिंग जास्त तर नाही ना? कोणी चाखलं?"

आम्ही पाचही जणींनी 'नाही' म्हणून माना हलवल्या.

"सोमवार आहे साहेब," मी म्हटलं. "सगळ्याजणींचा उपास."

"आणि इतर दिवशी?"

"पहिला घाणा नैवेद्याचा असतो. नैवेद्य आधी चाखत नाहीत."

साहेबांचा आवाज चढला. "मग तुमच्याकडे क्वालिटी कंट्रोल करतं कोण?"

वत्सलानं सरळ देव्हाऱ्याकडे बोट केलं. "तो करते साहेब. आजवर एक बी तक्रार नाही आली."

आमच्या यांना राहवलं नाही. चिमूटभर तोंडात टाकून म्हणाले, "वा! एकदम बढिया!"

साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी यांचा नवरा."

"मग तुमचं मत बाद!"

आता उरले साहेब. मी वाटी त्यांच्यापुढे धरली. साहेब वाटीकडे बघत राहिले. मग खाली मान घालून हळूच म्हणाले, "माझाही सोमवार आहे."

"मग संध्याकाळी उपास सोडताना चाखा ना," मी म्हटलं.

"संध्याकाळी माझी गाडी आहे. शेरा आत्ताच लिहायचा आहे."

वत्सलानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती त्या मशीनकडे बघत होती. साहेब तिच्याकडे बघत होते.

मग साहेबांनी बूट काढले. हातपाय धुतले. देव्हाऱ्यापुढे स्वतः पाण्याचं मंडल केलं, त्यावर वाटी ठेवली, डोळे मिटले आणि हात जोडून चांगला वेळ उभे राहिले. आम्हीही उभ्या. कुठून काही आवाज आला नाही.

साहेबांनी डोळे उघडले, पेन काढलं आणि शेरा लिहून कागद वत्सलाच्या हातात दिला. ती एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागली:

"नमुन्याची चाचणी सक्षम अधिकाऱ्यासमोर झाली. तक्रार नाही. नोंदणी पक्की करावी."