वडिलांची रिकामी पिशवी

आज दुपारी रिपोर्ट आला आणि मी दवाखान्याच्या पायरीवरच टेकले. साखर आटोक्यात, हृदयही ठीक! तीन महिन्यांपूर्वी याच डॉक्टरांनी दम भरला होता, "मावशी, रोज चाला, नाहीतर पुढं जड जाईल."

मंडळी, हे औषध आमच्या घरात जुनंच. बहात्तर साली माझे वडील राहुरीपासून दोन मैलांवरच्या गावात शिक्षक होते. त्यांना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पण ते दुष्काळाचं साल. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला पायी जायची. त्यांना "जेवण जिरवायला निघालोय" असं कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून वडील हातात रिकामी पिशवी घ्यायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "राहुरीला, पोस्टात."

मग काय, लोक पत्रं देऊ लागले. एकदा कंटाळून ते घरीच बसले, तर शेजारच्या सखूमावशी पत्र घेऊन दारात. "गुर्जी, आज जायचं न्हाई व्हय? पोरगा मिल्ट्रीत हाय, लई वाट बघत आसंल."

वडील चपला घालून निघाले. वयाची ऐंशी ओलांडेपर्यंत ते चालत राहिले.

मला इथं शहरात, सावेडीत, "कुठं निघालात?" असं कुणी विचारतच नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस दांडी मारली, कुणाला पत्ताही नाही. म्हणून विचारते, उद्या सकाळी सहाला चालायला निघतेय, पिशवी रिकामी आहे. कुणाचं काय आणायचंय?