तमिळ पिक्चरचा पार्ट टू आणि आमचं जालना

आमच्यात कुणी नुसतं ‘शूटिंग’ म्हटलं की अर्धा तास गेला समजा. एक जण सुरू करतो, दुसरा म्हणतो तसं न्हाई झाल्तं, आणि एका किश्शाच्या पोटातून आणखी दोन निघतात. शूटिंग सव्वा महिन्यात आटोपलं. किस्से अजून चालूच आहेत.

पिक्चर तमिळ, त्यातही पार्ट टू. पहिल्या भागात एक बस कंडक्टर कायदा हातात घेतो आणि गुंडांना एकटा लोळवतो. दुसऱ्या भागात पळालेल्या व्हिलनच्या मागावर तो थेट आमच्या जालन्यात येतो.

मी त्यात शिरलो तो वडीगोद्री गावामुळं. कापसाच्या कामानं मी सहा वर्षं तिरुप्पूरला होतो, म्हणून मला तमिळ येते. एकदा तिथं हायवेवर चहाला थांबलो, तर दोन माणसं तमिळमध्ये कुजबुजत होती, की निघू इथून, हा म्हातारा आता मारणार. समोर एक शेतकरीबाबा हातवारे करत ओरडून राह्यले होते. त्यांचं शेत ही माणसं लोकेशन म्हणून बघायला आल्ती. मी कान दिला. बाबा म्हणत होते, “जेवल्याबिगर जाऊ देत न्हाई म्हणजे न्हाई!”

मी ते तमिळमध्ये सांगितलं, तसा दोघांचा जीव भांड्यात पडला. त्यांतले एक डायरेक्टर निघाले, सरवणन सर. आम्ही तिघं पिठलं-भाकर खाऊन उठलो तेव्हा मी त्यांचा लोकल मॅनेजर झाल्तो.

* * *

पिंपळगाव रेणुकाईच्या माळावर मेंढरांचा सीन होता. हिरो पळत येतो आणि त्याच्या मागं मेंढरांचा लोंढा येऊन गुंडांना घेरतो. फाइट मास्टर मोठा माणूस, गाड्या उडवण्यात नाव कमावलेला. त्यानं धूर सोडला, डबे वाजवले. मेंढरं दरवेळी उलट्या दिशेनं गेली.

मेंढरं कौसाआक्काची. ती दुपारपर्यंत बघत राहिली, मग मास्टरसमोर येऊन म्हणाली, “भेव घालू नका. भ्यालेलं मागं येत न्हाई, लांब पळतंय.” तिनं हिरोच्या खांद्यावर आपलं घोंगडं टाकलं आणि त्याला तासभर कळपाबरोबर नुसता चालवला. मग कॅमेऱ्यामागं उभी राहून जिभेनं एक आवाज काढला. सगळा कळप हिरोच्या मागं असा धावला, की गुंड झालेली पोरं खरोखर पळाली.

मास्टरनं हात जोडून तिला “अक्का” म्हटलं. ह्याला मराठी येते व्हय, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं, तमिळमध्ये पण मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात.

ती मास्टरकडं वळली. “मंग बहिणीचं ऐक. मेंढरं सावलीला घे.”

ज्याच्यापुढं फायटर थरथरायचे, तो मास्टर काठी घेऊन मेंढरांमागं निघाला.

* * *

हिरोला मराठीत एकच डायलॉग होता. कागदावर लिहून आल्तं, ‘माझ्या संयमाची परीक्षा पाहू नकोस.’ माझी बायको शाळेत मराठी शिकवते. ती म्हणाली, असं जालन्यात कुणी बोलत न्हाई. इथं माणूस खरा तापला की आवाज खाली जातो. तिनं दोन शब्द दिले: “मंग? बोला.”

हिरो दिवसभर तेच घोकत होता. दुपारी स्पॉटबॉय मुरुगन ताट घेऊन गेला, तर हिरोनं त्याच्याकडं बघून हळूच म्हटलं, “मंग? बोला.” मुरुगनला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी त्यानं ताट ठेवलं आणि काय चुकलं म्हणून माफी मागितली. डायलॉग तिथंच पास झाला.

* * *

हिरॉइनच्या जागी उडी मारायला चेन्नईहून आलेल्या मुलीचा पाय मुरगळला. जिनिंग मिलच्या शेडवरून कापसाच्या ढिगावर उडी होती. मला साळवे गुरुजींची पोरगी अश्विनी आठवली. रोज पहाटे पळणारी, पोलीस भरतीची तयारी करून राह्यलेली. ती लगेच तयार झाली. गुरुजी मात्र नको म्हणायलाच आले. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती; हातपाय मोडला असता तर तीन वर्षांची मेहनत वाया गेली असती.

अश्विनीनं त्यांना एवढंच म्हटलं, की आधी बघा, मग ठरवा. गुरुजींनी मास्टरची तोंडी परीक्षाच घेतली. दोर कुणी तपासला, गाठ कोणती, कापसाखाली काय आहे. शेवटी म्हणाले, आधी तुम्ही मारा उडी. मास्टर पन्नाशीपुढचा, कित्येक वर्षांत त्यानं स्वतः उडी मारली नव्हती. तो चढला आणि त्यानं मारली. गुरुजींनी मान हलवली.

मग अश्विनी वर चढली. तिनं एका टेकमध्ये उडी मारली आणि कापूस झटकत हसत उभी राहिली. टाळ्या थांबेनात. सर म्हणाले, ओके, पुढचा शॉट. तेवढ्यात गुरुजी उठले.

“साहेब, पुन्हा घ्या. मघाशी माझे डोळे मिटलेले होते.”

दुसरा टेक त्यांनी पूर्ण बघितला. अश्विनी आज पोलिसात आहे.

* * *

जुन्या जालन्यात धान्याच्या गल्लीत शेवटचा मोठा सीन होता. व्हिलन भर बाजारात एका म्हाताऱ्या तोलाऱ्याला चापट मारतो. सगळी गल्ली भिऊन खाली बघते. मग हिरोची एन्ट्री. म्हाताऱ्याच्या कामाला तिथलेच रहीमचाचा घेतले, उभं आयुष्य त्याच गल्लीत धान्य तोललेले. गर्दीला गल्लीतलेच हमाल.

पहिल्या टेकला व्हिलननं हात उचलला आणि विठ्ठल हमालानं तो वरच्या वर पकडला. कट. मी त्याला समजावलं, चापट गालाला लागणार नाही, आवाज नंतर टाकतात. तो बरं म्हणाला. दुसऱ्या टेकला तो थांबला, पण बाकीचे चौघं पुढं आले. तिसऱ्याला अख्खी गल्ली पुढं सरकली. व्हिलन झालेला नट बिचारा लई मवाळ. तो चाचांच्याच मागं जाऊन उभा राहिला.

सरवणन सर तापले. गल्ली दोनच तास मिळाल्ती. तावातावानं ते विठ्ठलजवळ आले आणि मला म्हणाले, ह्याला विचार, ह्याला काय कळत नाही?

मी विचारलं. विठ्ठलनं खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

“चापट खोटी हाय, ते कळतंय मला. पण चाचा खरे हायत ना.”

सरांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग असिस्टंटला बोलावून हळू आवाजात म्हणाले,

“हिरोला सांग, गाडीतच बस. ह्या सीनमध्ये त्याचं काम नाही.”