एकाच सरांच्या दोघी

कॉलेजच्या कबड्डीच्या मैदानावर माझी लेक मानसी चढाईला निघाली. मधल्या रेषेपाशी वाकून तिने माती कपाळाला लावली आणि उजव्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली. ती थाप शुभदाची होती.

शुभदा मानसीच्या याच कबड्डीच्या सरांच्या हाताखाली तिच्या आधी खेळायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती नुसती सामने बघायला येते. आजही माझ्या शेजारीच बसली होती. लोक दोघींची सारखी तुलना करतात. शुभदा दणकट, सरळ आत घुसायची. मानसी किडकिडीत, टिपायच्या संधीची वाट बघत राहते. पण सरांनी शिकवलेला हुकमी डाव दोघींचा एकच: कोपऱ्यातलीला हूल द्यायची आणि एका पायावर गर्रकन वळायचं. त्याच वळणावर शुभदाचा गुडघा गेला.

मला वाटायचं, गुरूकडून फक्त खेळ उतरतो. पण त्या खेळात दडलेली इजाही उतरत असेल, तर? आणि मी मात्र रोज सकाळी हौसेने मानसीचा सरावाचा डबा भरून देते!

"वळ, मानसी!" सर ओरडले. किती मायेने ओरडले! मी डोळे गच्च मिटले.

टाळ्या ऐकून उघडले, तर मानसी रेषेअलीकडे उभी राहून हसत होती.

"जमलं गं तिला," मी शुभदाचा हात धरला.

तिची नजर मानसीच्या गुडघ्यावरून हलली नव्हती.

"मलाही रोज जमायचं, काकू."