काडेपेटी आणि रणगाडा

माधव केतकरांची फियाट आणि दशरथ रणपिशांची अँबॅसिडर. दोघे एकाच सरकारी कचेरीत चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले, पण यातली गाडी कोणती चांगली, याचा निकाल काही लागला नाही. दशरथराव फियाटला काडेपेटी म्हणायचे, माधवराव अँबॅसिडरला रणगाडा. त्यात माधवराव शनिवार पेठेतले. समोरच्याला पटकन पटलं तर यांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दर रविवारी बिबवेवाडीत दशरथरावांकडे चहा आणि वाद. "तुमचं इंजिन दीड हजार सीसीचं, पण निम्मी ताकद स्वतःचंच वजन ओढण्यात जाते," माधवराव सुरुवात करायचे. "आमचं अकराशेचं, पण गाडी अंगानं हलकी. लक्ष्मी रोडच्या गर्दीतून अलगद निघते. पेट्रोलही बेतानं पिते."

"आणि कात्रजच्या घाटात बॉनेट उघडून उभी राहते," दशरथराव म्हणायचे. "तुमच्या आनंदीची पाठवणी कुणी केली हो?"

इथे माधवराव उठून चपला शोधायला लागायचे. लेकीच्या लग्नात सजवलेली फियाट तापून घाटातच बसली होती आणि नवरानवरी, करवली, रुखवत, सगळं अँबॅसिडरनं नेलं होतं. हा हुकमाचा एक्का दशरथराव चहा संपेपर्यंत राखून ठेवायचे.

गेल्या दिवाळीनंतर दशरथरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द तेवढा मागे राहिला, "बरोबर." पाणी हवं, बरोबर. पाणी नको, तरी बरोबर. ज्या माणसानं माधवरावांना जन्मात कधी बरोबर म्हटलं नाही, त्याच्या तोंडी नेमका हाच शब्द उरावा? नशिबानं थट्टा करावी, पण किती!

"भाऊजी, तुम्ही येत जा," प्रेमलावहिनी म्हणाल्या. "तुमचा आवाज आला की मान तरी वळवतात."

माधवराव जात राहिले. खाटेशी बसून म्हणाले, "फियाटच चांगली."

"बरोबर."

असलं जिंकणं काय चाटायचंय? मग माधवराव उलट्या बाजूनं भांडले. अँबॅसिडरची डिकी मोठी, मागची सीट ऐसपैस, घाटात दम टिकतो. "बरोबर." भिंतीशी बोलावं तसं झालं. माधवरावांना एक "नाही" हवं होतं. त्यासाठी ते वाटेल ते करायला तयार होते.

आणि त्यांनी केलंही. "आनंदीच्या लग्नात तुमचा रणगाडा बंद पडला," ते ठासून म्हणाले. "पाठवणी आमच्या फियाटनं केली."

दशरथरावांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात खाटेवर आपटत ते ओरडले, "बरोबर! बरोबर! बरोबर!" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. प्रेमलावहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

आतला माणूस जसाच्या तसा होता. सगळं आठवत होतं त्याला, फक्त दार उघडत नव्हतं. माधवरावांना स्वतःची भयंकर शरम वाटली. त्यांनी तो डावा हात घट्ट धरला.

"खोटं बोललो हो मी, दशरथराव. काडेपेटीच बसली होती. पोर तुमच्याच गाडीनं सासरी गेली. तुमचीच गाडी चांगली."

दशरथराव शांत झाले. मग हळूच म्हणाले, "बरोबर."

हे मात्र खरंखुरं होतं. निकाल लागला होता, आणि पुढच्या रविवारी येऊन काय बोलायचं, हे माधवरावांना सुचेना.