लहान वाट आधी

ज्याने आयुष्यभर मुलांच्या निबंधांतल्या चुका लाल शाईने दाखवल्या, त्याने उतारवयात स्वतःच लिहायला बसावे हे शोभत नाही, याची मला जाणीव आहे. या धारिष्ट्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. सांगायचे आहे तेही फार मोठे नाही. संगणकाच्या एका फाइलमधल्या काही ओळींविषयी आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. शाळेतून मला आदिलाबादच्या एका कार्यालयात तात्पुरते पाठवले होते, कारण संगणकाचा वर्ग केलेला दुसरा मास्तर त्यांना मिळाला नव्हता. गावाचा पत्ता टंकला की पडद्यावर त्या गावाचे पान उघडावे, असे काम होते. खोली थंड होती, तिला जाड पडदे होते. बाहेरून कापसाच्या गाड्या जात, आणि दार उघडले की मागे उरलेला एखादा तंतू तरंगत आत येई. त्या मंद उजेडात आपण पाण्याखाली बसलो आहोत असे वाटे.

पत्ता आला की सर्व्हर, म्हणजे पाने पुरवणारे यंत्र, ती फाइल वरून खाली वाचत जाई आणि कोणते पान द्यायचे ते ठरवी. प्रत्येक गावाला एक ओळ: आधी जिल्हा, मग मंडल, म्हणजे तिकडचा तालुका, मग गाव. ओळीचा सुरुवातीचा भाग पुन्हा पुन्हा तोच, शेवटचे नाव तेवढे बदले. बेला मंडलातली गावे लिहिताना मी बैलगाडीत पेंगल्यासारखा होई. तेच चाक, तीच कुरकुर, आणि मध्येच एक नवे गाव.

इंद्रवेल्लीकडच्या गावांपाशी आलो तेव्हा हैदराबादहून आलेल्या आमच्या प्रमुख बाईंनी मला थांबवले.

"मास्टरजी, ये छोटे-छोटे गुडे छोड़ दीजिए. फाइल कितनी लंबी करेंगे?"

मी "जी" म्हणालो. माझा जन्म तसल्याच एका गुड्यातला, आदिवासी पाड्यातला, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. पण पुढच्या आठवड्यात वरिष्ठांची पाहणी होती, आणि तिच्यानंतर त्या फाइलला कोणी हात लावणार नव्हते. आता वगळलेले माझे गाव कायमचेच वगळले गेले असते.

मग मनात आले, बदलते ते फक्त जिल्ह्यापुढचे नाव. तर त्या जागी 'इथे कोणतेही नाव येवो' अशी खूण ठेवली तर? येईल त्या नावाचे पान शोधून दे, एवढेच सर्व्हरला सांगायचे. तशी सोय होती. मी गावांच्या सगळ्या ओळी पुसल्या आणि एकच लिहिली. डांबरी सडकेवरची गावे आणि नाल्यापलीकडची, सगळी तिच्यात मावत होती. पडदा जवळजवळ रिकामा झाला. पेरणीआधीच्या शेताकडे पाहावे तसा मी त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिलो.

सकाळी शेजारच्या टेबलावरचा, बेल्याकडचा सहकारी चहा पिता पिता हसत सुटला.

"मास्तर, हे 'नकाशा' गाव कोन्या मंडलात येते जी?"

त्याने जिल्ह्याच्या नकाशाचा पत्ता टंकला होता, आणि या नावाचे गाव सापडत नाही, असे यंत्र कळवत होते.

"तितं बस जाते का, का पायीच जा लागते?" तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "बाईनं पाह्यलं त तुमाले शाळेत धाडून देईन. जुन्या ओळी टाका ना परत. काऊन जीव जाळून राह्यले?"

नकाशाची ओळ मी काढली नव्हती. ती खाली तशीच होती. मी बघत राहिलो, आणि हळूहळू उलगडले. आमच्याकडे वाट सांगतात ती मोठ्या रस्त्यापासून: हैदराबादच्या सडकेने जा, इचोडा येऊ द्या, मग आत वळा, मग नाला. ऐकणारा शेवटपर्यंत ऐकून घेतो. मीही तसेच लिहिले होते. सर्वांना सामावणारी ओळ वर, एकट्यादुकट्या जागा खाली. यंत्र मात्र पहिली जुळणारी वाट मिळताच चालू लागत होते.

मोठी ओळ उचलून मी सर्वांत खाली ठेवली. नकाशा उघडला. मग माझ्या गुड्याचे नाव टंकले. तेही उघडले. वर नाव, आणि खाली पांढरेशुभ्र, धुक्यासारखे. तिथली माहिती कोणी पाठवलीच नव्हती.

"ये किसका गाँव है?" बाई मागे उभ्या होत्या.

"मेरा," मी म्हणालो.

त्यांनी फाइल पाहिली, एवढीशी झालेली. "रहने दीजिए," त्या म्हणाल्या. "लेकिन खाली पन्ना अच्छा नहीं लगता. चार वाक्य लिख दीजिए."

इंद्रवेल्लीचे नाव बाहेरच्यांनी ऐकले ते तिथे आदिवासींवर झालेल्या गोळीबारामुळे. तिथून सुरुवात नको वाटे. ज्वारीच्या शेतातले मचाण लिहावे, की ओल्या पहाटे चुलीचा धूर डोंगराला टेकून राहतो ते? पाहणी झाली, मी शाळेत परतलो, आणि ते पान नावापुरतेच राहिले. पहिले वाक्य मला अजून ठरवता आलेले नाही. तुमच्या गावाविषयी चारच वाक्ये लिहायची झाली, तर पहिले कोणते लिहाल?