भिंगरीचे लाल कॅलिपर

भिंगरीला भिंगरी म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, हे आता कुणालाच सांगता येत नाही. पण ज्यानं केली त्याची नजर फक्कड होती. हा माणूस एका जागी बसलेला कुणी पाहिला नाही. धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, पण दुकानातलं एकुलतं एक स्टूल गिऱ्हाइकासाठी. न्हाव्यानं तर तोंडावर सांगून टाकलेलं, "भाऊ, केस कापतो, कानाची हमी नाही." घरातल्या कुठल्याही फोटोत बाकीची माणसं लख्ख आणि हा म्हणजे पुसटसा ढग.

अशा माणसानं सासऱ्याच्या जुन्या गाडीचे ब्रेक अंगावर घेतले.

सासरा निवृत्त बसड्रायव्हर. गाडी त्याच्या तरुणपणातली, गोल डोळ्यांची, बाईसारखी जपलेली. पण एकदा उतारावर ब्रेकनं दगा दिला आणि गाडी जाऊन भिंतीला टेकली. शेजारी लेक बसलेली, म्हणजे आपल्या भिंगरीची बायको. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि "हल्ली दिसत नाही" असं सांगत सुटला. दिसत सगळं होतं. गल्लीच्या टोकाला कोण कुणाशी कुजबुजतंय तेही दिसायचं. कच खाल्ली होती ती काळजानं.

शेवटी गाडी विकायची ठरली. ते ठरलं त्याच दिवशी जेवताना भिंगरी सगळ्यांदेखत बोलून बसला, "मामा, गाडी जाण्याआधी एक फेरी तुम्ही स्वतः मारायची. ब्रेक मी करून देतो." म्हातारा उठला, हात धुऊन आला आणि चष्मा पुसत बसला. लेकीनं ते पाहिलं आणि नवऱ्याला आत बोलावून म्हणाली, "आता मागे फिरायचं नाही हं."

भिंगरी लागला कामाला. पुढच्या चाकांचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन बाजूंनी आवळणारे लोखंडी जबडे, गंजून खपली धरलेले. त्यानं ते उतरवले, आतली रबरं नवी घातली, तारेच्या ब्रशनं घासघासून लोखंड उघडं केलं आणि उष्णता सोसणारा लाल रंग आणला.

"चाकाच्या आत कोण बघणार आहे, जावईबुवा?" सासरा खुर्ची टाकून अंगणात बसला होता. "ओठ रंगवताय की काय?"

"मामा, गाडी सासरी जायची. नटवायला नको?"

कॅलिपर कपडे वाळत घालायच्या तारेला टांगले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, हिशेब चोख. पण रंगाचा एक हात दिल्यावर दुसऱ्यासाठी थांबायचं असतं, आणि थांबणं तर ह्याच्या बापजन्मी ठाऊक नाही. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर पळवला. तरी दम निघेना. वाळला का म्हणून डाव्या कॅलिपरला अंगठा लावला, तर अंगठा जसाच्या तसा उमटला.

"अंगठा उठवलात?" बायको हसली. "शाळेत जाऊन काय उपयोग झाला मग?"

"राहू दे. माझी सही आहे ती."

मागची बाजू रंगवायला तो तारेच्या पलीकडे गेला. तिथूनच दोन्ही कॅलिपर काढले आणि चाकांशी जाऊन ठोकले.

मग आला गाडीचा ह्या घरातला शेवटचा दिवस; दुसऱ्या दिवशी सकाळी घेणारा ती न्यायला येणार होता. सकाळपासून ब्रेकच्या तेलातली हवा काढणं चाललं होतं; ती राहिली तर पायडल मऊ पडतं आणि ब्रेक लागत नाही. बायको गाडीत बसून पायडल दाबायची, हा चाकाशी उकिडवा बसून कॅलिपरची तोटी पान्यानं उघडायचा. तोटीला नळी, नळीचं टोक बाटलीत.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव! सोड. दाब!"

"अहो, ह्यापेक्षा कणीक तिंबलेली परवडली."

बाटलीत बुडबुडे यायचे बंद झाले, तरी पायडल ओल्या फडक्यासारखं खाली जाई. डावं चाक झालं, उजवं झालं, पुन्हा डावं. भिंगरी घिरट्या घालू लागला. नळ्या बदलल्या, झाकणं तपासली, नव्या ब्रेक ऑइलला शिव्या घातल्या. ऊन उतरू लागलं तशी त्याची चाल वाढली.

सासऱ्यानं मात्र केव्हाच इस्त्रीचा शर्ट चढवला होता. दर थोड्या वेळानं तो खुर्चीतून उठे, गाडीकडे दोन पावलं टाके आणि परत बसे.

भिंगरीनं ते पाहिलं आणि बायकोच्या कानाशी लागला. "दोन-तीनदा पटापट दाबलं की लागतोय ब्रेक. सपाट रस्त्यानं सावकाश नेतील. चालून जाईल."

बायकोनं पायडलवरचा पाय काढला. "मी होते त्या दिवशी गाडीत. बाबांचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. चालून जाईल म्हणे! त्यापेक्षा सांगून टाका की जमलं नाही."

भिंगरीनं रागानं पाना आपटला. पाना घरंगळत गाडीखाली गेला. तो काढायला हा पाठीवर आडवा झाला, आणि कपाळावर टपकन ऑइलचा थेंब पडला. वर पाहिलं तर कॅलिपरची तोटी बरोब्बर त्याच्या डोळ्यांकडे तोंड करून.

तोटी खाली? तोटी हवी वर! हवा नेहमी वर चढते. तोटी बुडाला असेल तर तेल निघून येतं आणि हवा माथ्यावर आरामात बसून राहते. भिंगरी सरपटत पलीकडे गेला. उजव्या चाकात, लाल रंगावर, त्याचाच अंगठा. डाव्याची सही उजवीकडे! तारेच्या पलीकडून डावं ते उजवं दिसलं, आणि काढतानाच अदलाबदल झाली होती.

लपवायला जागा होती. चाकात कोण बघणार होतं? पण गडी गाडीखालूनच ओरडला, "मामा, डावं-उजवं केलं मी!"

म्हातारा म्हणाला, "वधू-वर तेच आहेत ना? मग बदला पाट. मी आहे बसलेला."

पुन्हा जॅक, पुन्हा पाने. ऑइल सांडून ताज्या लालीवर ओघळ उठले, पण आता तोट्या आभाळाकडे बघत होत्या. "दाब!" म्हटल्याबरोबर नळीतून बुडबुड्यांची रांगच निघाली. थोड्या वेळानं बायको आतून म्हणाली, "अहो... जातच नाहीये खाली. दगड झालाय."

भिंगरीनं स्वतः गल्लीत, उतारावर ब्रेक मारून पाहिले. मग चावी सासऱ्यासमोर धरली. म्हाताऱ्यानं ती घेतली, पण आधी चष्मा काढून पुन्हा पुसला. "तुम्ही शेजारी बसा," तो म्हणाला.

शेजारी बसायचं! हातात पाना नाही, पायाखाली पायडल नाही. गाडी निघाली तसा भिंगरीचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबायला लागला. वळण आलं, दाब. सायकलवाला आला, दाब. उताराच्या तोंडाशी तर त्यानं दोन्ही पाय रोवले. म्हाताऱ्यानं ओठ आवळून ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी, नम्रपणे उभी राहिली.

"जावईबुवा, ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही फरशीला भोक पाडाल," म्हातारा म्हणाला. मग त्यानं ब्रेक सोडला आणि गाडी उतारावर घातली.

परत येताना दारात लेक उभी दिसली. गाडी जवळ आली, दारापाशी आली आणि सरळ पुढे निघून गेली. लेकीनं तोंडावर हात नेला. भिंगरीनं पुन्हा दोन्ही पाय रोवले.

"मामा! ब्रेक! ब्रेक लागत नाही का?"

"लागतोय की." म्हाताऱ्यानं काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं. "जन्मभर थांबा आला की थांबलो रे. आज नाही थांबत. बस निवांत."

भिंगरी बसला. निवांत नव्हे, पण बसला.