बघून हात वर करा

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मी नव्या सदस्यांची ओळख करून देत होतो. मंडळाचा चिटणीस म्हणजे माईक धरून चुका करायला नेमलेला माणूस. त्याप्रमाणे मी म्हणालो, "आणि या आपल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या रहिवासी, निवृत्त शिक्षिका. नुकत्याच अमेरिकेहून लेकीकडे राहायला आल्यात."

पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. कोपर सरळ, बोटं जुळलेली, शाळेत असतो तसा. मला वाटलं, बाईंना पाणी हवंय. मी पाणी पाठवलं. त्या प्यायल्या, थँक यू म्हणाल्या आणि हात पुन्हा वर केला.

"बोला ना."

त्या उभ्या राहिल्या. "कॅनडा. अमेरिका शेजारी आहे. सुधारणा नोंदवून घ्या, चिटणीस."

हॉल हसला. मी "हो हो, नोंदवतो" म्हणालो आणि तिळगूळ वाटायच्या गडबडीत ते विसरलो. त्या दिवसापासून त्यांचं नाव कॅनडाबाई पडलं, पण मंडळाच्या वहीत त्या अमेरिकेच्याच राहिल्या. हे इथेच कबूल करून टाकतो, कारण पुढे ते माझ्या अंगाशी आलं.

हात वर केल्याशिवाय बाई बोलत नसत. आमच्या घरी जेवायला आल्या की टेबलाभोवती आम्ही तिघंच, मी, माझी बायको सुजाता आणि त्या. तरी आमटी हवी असली की हात वर. सुजाता म्हणायची, "अहो बाई, घरचंच आहे." त्या म्हणायच्या, "तीस वर्षं पोरांना हात वर करायला लावलाय. आता मलाच सूट दिली तर पोरं काय म्हणतील?" ती पोरं आता बापे होऊन माँट्रियलमध्ये दाढ्या वाढवून बसली असतील, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. कुणी कशालाही मनाई केली की त्या विचारत, "मुदत किती?" कालव्याकाठची पायवाट कौन्सिलनं 'पुढील सूचनेपर्यंत बंद' केली, तेव्हा पुढील सूचना नेमकी केव्हा होणार, हे विचारणारी चार पत्रं त्यांनी पाठवली. वाट उघडली. पत्रांमुळे की चिखल वाळल्यामुळे, देव जाणे. बाईंनी मात्र ते स्वतःच्या खात्यात जमा करून टाकलं. "बंदी घालावी लागते कधीकधी," त्या म्हणत. "पण घालणाऱ्यानं तारीख लिहावी. तारीख आली की त्याला पुन्हा एकदा लाज वाटायची संधी मिळते."

आता दिघेकाकांकडे यावं लागेल. दिघेकाका मंडळाचे सर्वांत जुने सदस्य, वर्षाचे बाराही महिने टाय लावणारे. वार्षिक सभेत ते मागच्या वर्षीचं इतिवृत्त हातात घेऊन उभे राहत आणि ओळीओळीवर हरकत घेत. चहा 'देण्यात आला' लिहिलंय, प्रत्यक्षात तो संपला होता. टाळ्यांच्या 'गजरात' लिहिलंय, गजर नव्हता. असं चाळीस मिनिटं. आमचा हॉल चर्चचा, भाड्याचा, चार वाजता रिकामा करायचा. चारनंतर तिथे योगाचा क्लास. पावणेचारपासून इंग्रज बायका गुंडाळलेल्या मॅट काखेत धरून दारात उभ्या असत, आणि आम्ही भारतीय आत एकमेकांचं रक्त आटवत असू.

एका वर्षी दिघेकाकांपायी हिशेबही मंजूर झाले नाहीत आणि निवडणूकही झाली नाही. अध्यक्ष देवधर चिडले. कमिटीनं ठराव केला की दिघ्यांना सभेत बोलता येणार नाही. पण मंडळाच्या घटनेत लिहिलंय, प्रत्येक सदस्याला वार्षिक सभेत बोलण्याचा हक्क आहे. वाद झाला तर घटनेचा अर्थ लावायला तीन ज्येष्ठांची निवाडा समिती. कॅनडाबाई तिच्यात होत्या, कारण त्या नव्या आणि कुणाच्याच गोटातल्या नव्हत्या. समितीनं दहा मिनिटांत निकाल दिला: ठराव घटनेविरुद्ध, रद्द.

"आम्ही निवडून आलोय!" देवधर मला फोनवर म्हणाले. "आणि ही तीन माणसं कोण? यांना कुणी निवडलं?"

इथे माझ्यातला विद्वान जागा झाला. महिनाभरापूर्वीच बाईंनी आमच्या टेबलावर कॅनडाच्या घटनेतलं तेहतिसावं कलम समजावून दिलं होतं. तिकडे हक्कांची सनद लिहिली गेली तेव्हा काही प्रांतांना भीती वाटली, की आता शेवटचा शब्द न्यायाधीशांचा होणार. मग तडजोड झाली. निवडून आलेल्या सरकारला वाटलं, तर सनदेतले काही हक्क बाजूला ठेवून कायदा करता येतो. हक्क बाजूला ठेवलेत, हे त्या कायद्यातच उघड जाहीर करायचं, म्हणजे त्या हक्कांच्या नावानं कोर्टाला तो रद्द करता येत नाही. मात्र पाच वर्षांत ती सवलत आपोआप संपते. हवी असेल तर पुन्हा मत घ्यायचं. पाच वर्षांच्या आत निवडणूक येतेच, म्हणून पाच. आणि मतदानासारखे काही हक्क असे बाजूला ठेवता येत नाहीत.

"मग बरोबर कोण, बाई? सरकार की न्यायाधीश?" मी विचारलं होतं.

"न्यायाधीशांना कुणी निवडून दिलेलं नसतं, हे खरं. निवडून आलेल्यांना पुन्हा निवडून यायचं असतं, हेही खरं," म्हणत त्यांनी भातासाठी हात वर केला होता.

तर मी हेच कलम आमच्या घटनेत घालायचा मसुदा केला. सभेनं मत दिलं तर निवाडा समितीचा निकाल बाजूला ठेवता येईल! देवधर म्हणाले, "ब्रिलियंट!" वीस वर्षांत मला कुणी ब्रिलियंट म्हटलं नव्हतं, ऑफिसात तर नाहीच. मी मसुदा घेऊन थेट बाईंच्या लेकीच्या घरी गेलो. शाबासकी घ्यायला.

बाईंनी तो दोनदा वाचला. हात वर केला नाही, नुसत्या बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आमच्या प्रांतात हे कलम लावून एक कायदा झाला. शिक्षकांनी कामावर धार्मिक खूण घालायची नाही. आधीपासून नोकरीत असलेल्यांना सूट, पण आहे त्याच जागेवर राहिलं तरच. माझ्या शेजारच्या वर्गात सामिया शिकवायची, डोक्याला रुमाल बांधून. गणित तिच्याइतकं चांगलं मलाही येत नव्हतं. ती उपमुख्याध्यापक होणार होती. झाली नाही. नवी जागा म्हणजे रुमाल काढायचा. लोक कोर्टात गेले, पण कलम लावलेलं, न्यायाधीशांचे हात बांधलेले. पाच वर्षं झाल्यावर सरकारनं पुन्हा मत घेतलं आणि पुन्हा लावलं."

"वाईट झालं," मी म्हणालो.

"थांबा. त्या सरकारला मी मत दिलं होतं."

मी मसुदा परत घेऊन त्याची घडी घातली.

"दवाखान्यासाठी दिलं होतं हो. ह्यांची किडनी तेव्हा... जाऊ दे. पण माझं मत त्या कायद्यातही होतंच ना? कायदा झाल्यावर दोन आठवडे मी स्टाफरूममध्ये गेले नाही, चहा वर्गातच प्यायले. मग एक दिवस जाऊन सामियाला सांगितलं, मी यांना मत दिलं होतं. ती म्हणाली, 'मला कळलंच होतं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात.'"

मग मी माझा हुकमी मुद्दा काढला. "पण बाई, दिघेकाकांचं बोलणं कुणाच्याही उपयोगाचं नसतं."

"उपयोगाचं बोलणाऱ्याला हक्क कशाला लागतो? त्याला तुम्ही चहा देऊन बोलावता. आणि मला स्वतःला दिघे मुळीच आवडत नाहीत, हे लिहून ठेवा." त्यांनी मसुदा माझ्या हातातून घेतला आणि लाल पेनानं खाली दोन ओळी लिहिल्या. "कलम घाला तुमचं. सभेचा तो अधिकार आहे. पण मुदत एक वर्ष. आणि ज्याचा हक्क काढायचा, त्याला समोर बसवायचं आणि त्याच्याकडे बघून हात वर करायचा."

देवधरांना त्या दोन ओळी निरुपद्रवी वाटल्या. मार्चच्या वार्षिक सभेत कलम मंजूर झालं. मग दिघ्यांना बोलू न देण्याचा ठराव आला आणि बाईंचा हात वर गेला. "नियमाप्रमाणे दिघे पुढे येऊन बसतील."

दिघेकाका स्वतःची खुर्ची उचलून पुढे आले आणि आमच्याकडे तोंड करून बसले. मांडीवर वही, वहीवर हात. एरवी 'मान्य, मान्य' म्हणणारी माणसं बुटांच्या नाड्या तपासू लागली. कित्येक हात खांद्यापर्यंत येऊन कान खाजवून परत गेले. ठराव कसाबसा मंजूर झाला. माझा हात वर होता. सुजाताचा नव्हता.

बाहेर पार्किंगमध्ये बाईंनी मला गाठलं. "बघितलंत त्यांच्याकडे?"

"बघितलं की."

"टायकडे बघत होतात. टायचा हक्क काढला का?"

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणून बसवलं आणि सुजातानं माझी साखर बंद केली. बाई चहाला आलेल्या. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी निराश केलं नाही. "मुदत किती, सुजाता?"

"पुढच्या एजीएमपर्यंत," सुजाता हसून म्हणाली.

ते वर्षभर प्रत्येक कार्यक्रमात बाई दिघ्यांच्या शेजारी बसल्या. न आवडणाऱ्या माणसाशेजारी वर्षभर बसणं मला जमलं नसतं; मी तर आवडणाऱ्या नातेवाइकांकडेही दोन दिवसांत कंटाळतो. एकदा मी विचारलं, काय बोलता? म्हणाल्या, "बोलत नाही. ते लिहितात, मी स्पेलिंग बघते." हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी हात वर केला. कोपर पूर्वीसारखं सरळ होईना. मी कान जवळ नेला.

"दिघ्यांची मुदत मार्चात संपते," त्या म्हणाल्या. "विसरू नका. तुम्ही विसरता."

फेब्रुवारीत त्या गेल्या.

मार्चच्या सभेला आधी शोकप्रस्ताव होता. मला काही सुचेना. दोनदा लिहायला बसलो, दोनदा उठलो. शेवटी संक्रांतीच्या जुन्या इतिवृत्तातला परिचय उचलून चिकटवला आणि वाचला. सगळे मान खाली घालून उभे राहिले. मग देवधर म्हणाले, "आता तो दिघ्यांचा ठराव. मागच्यासारखाच पुढे चालू. सगळ्यांना मान्य?"

"मान्य, मान्य."

मी टेबलामागून हात वर केला. कोपर सरळ.

"आता काय?" देवधर म्हणाले. "अरे, तीन वाजून गेलेत!"

"नियम आहे. कलम माझंच आहे, त्यामुळे मला माहीत आहे. दिघेकाका, पुढे या."

"चिटणीस तू आमचा आहेस की त्यांचा?"

"इतिवृत्ताचा," मी म्हणालो. इतकं बाणेदार मी आजवर काही बोललो नव्हतो, आणि बोलून झाल्यावर लगेच खाली बसावंसं वाटलं. पण बसलो नाही.

दिघेकाका खुर्ची घेऊन आले. शेजारची बाईंची खुर्ची मागे रिकामी राहिली. या वेळी मी टाय सोडून वर पाहिलं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असावं, त्यातून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. सरळ आमच्याकडे बघत होते. माझा हात टेबलावरून उठला नाही. देवधरांचा अर्ध्यापर्यंत गेला आणि चष्मा सारखा करून खाली आला. बाकी कुणी हललंच नाही.

"ठराव नामंजूर," मी म्हणालो आणि लिहिलं. "दिघेकाका, बोला."

ते उठले, टाय नीट केला, वही उघडली.

"आजचा शोकप्रस्ताव, दुसरी ओळ. 'अमेरिकेत तीस वर्षं अध्यापन.'" ते थांबले. "कॅनडा. अमेरिका शेजारी आहे. सुधारणा नोंदवून घ्या, चिटणीस."

मी त्यांच्यादेखत, सगळ्यांसमोर, शाईच्या पेनानं नोंदवली. मग उठून त्या संक्रांतीचं पान शोधलं आणि तिथेही नोंदवली. दिघेकाका पुढे अडतीस मिनिटं बोलले. चार वाजले. योगाच्या बायका आत आल्या, मॅट पसरून बसल्या आणि एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

घरी पोचल्यावर सुजातानं चहा टाकला. मी खुर्चीत जरा ऐसपैस बसलो होतो. दिवस गाजवलेल्या माणसाला शोभेल इतपतच. साखरेचा डबा मी स्वतःच पुढे ओढला आणि म्हणालो, "एजीएम झाली. मुदत संपली."

"संपली ना? मग माझ्याकडे बघ," सुजाता म्हणाली, आणि कोपर सरळ ठेवून तिनं हात वर केला. "अजून एक वर्ष."